मूठभर वाल आणि चोरीचे गेम

सदू, तू चोर होतास की नव्हतास, हे आपलं ठरायचं राहूनच गेलं.

पंचवीसेक वर्षं आपण त्यावर भांडलो. रोह्यात भांडलो, पेणला माझ्या ओट्यावर भांडलो, तुझ्या हळदीच्या मांडवातही भांडलो. तेव्हा तू पिवळाधमक होऊन पाटावर बसला होतास आणि तुझा मामा मला म्हणाला होता, "अरे, आज तरी सोड त्याला." मी सोडलं नाही. तूही सोडलं नाहीस. पाटावर बसून तू मला समजावत होतास की कॉपी केलेला गेम आधी खेळून बघणं म्हणजे चोरी नाय, नमुना हाय.

रोह्याजवळ, तू राहायचास त्या वरशाच्या नाक्यावर तुझा फोटो लावलाय. डोलवीच्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलाय, त्यामुळे तू घाबरल्यासारखा दिसतोस. खाली लिहिलंय, मनमिळाऊ, कष्टाळू, निर्व्यसनी. निर्व्यसनी वाचून मला त्या तसल्या वेळी हसू आलं. तुझ्या दहाव्याला चार माणसं बोलली. कोणी तू कंत्राटदाराकडे किती इमानदारीने इलेक्ट्रिकचं काम केलंस ते सांगितलं, कोणी मंडळाच्या गणपतीची रोषणाई तू फुकट करायचास ते सांगितलं. गेमबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. चाळिशीचा माणूस, एका मुलीचा बाप, रविवारी दुपारी जेवून उठला की दार लोटून गेम खेळतो, हे मयताच्या घरी बोलायचं नसतं असं त्यांना वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. तुला जाऊन तीन आठवडे झाले, आणि मला सगळ्यात जास्त आठवतोस तो तसाच, दार लोटून बसलेला.

आपली ओळख नववीतली. वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही पेणहून रोह्याला आलो होतो. तू खांबजवळच्या तुझ्या गावाहून एसटीने शाळेत यायचास. तुझी आई, म्हणजे आमची काकी, बाजाराच्या दिवशी रोह्यात वाल आणि तांदूळ घेऊन बसायची. शाळा सुटली की तू तिच्या पाटीपाशी जाऊन बसायचास. मी तुझ्याबरोबर यायचो, कारण नव्या गावात मला दुसरं कोणी विचारत नव्हतं.

वाल कसा असतो ते मी तिथे शिकलो. एका शेतातला वाल मऊसूत शिजतो, बांधापलीकडच्या शेतातला तासभर उकळला तरी दाताखाली कडक लागतो. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून जाणतं गिऱ्हाईक एकदम पायलीभर घ्यायचं नाही. काकी त्याला मूठभर वाल कागदात बांधून द्यायची. "ने. भिजव, मोड काढ, बिरडं करून बघ. मग ये." त्या मुठीचे पैसे नव्हते. पण एक रीत होती आणि ती सगळे पाळत. मूठ नेली की सांगायचं. वाल चांगला निघाला तर कोणाच्याही हाती निरोप पाठवला तरी चालायचा. वाईट निघाला तर मात्र स्वतः यायचं, आणि चार गिऱ्हाइकांदेखत नाही, काकीला बाजूला घेऊन सांगायचं.

एकदा नदीपलीकडच्या अष्टमी गावची एक बाई आली होती, आठवतं? काकीला म्हणाली, "जरा हिकडं ये गो." दोघी पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला गेल्या. "तुझा वाल शिजला नाय गो. राग मानू नको." काकीने राग मानला नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली आणि उरलेला वाल तिने त्या दिवशी विकला नाही, घरी परत नेला. मी तुला विचारलं, त्या बाईला काय पडली होती एवढं उन्हातून यायची? दुसरीकडून घेतला असता. तू माझ्याकडे बघितलंस, मी काहीतरी अचाट बोललो असं. म्हणालास, "मूठ नेलीन ना तिनं? मग सांगाया नको?"

तुझी सगळी नीती एवढीच होती, सदू. जन्मभर तू ती गेमना लावलीस.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो वडिलांच्या समजुतीप्रमाणे अभ्यासासाठी. एका मासिकाबरोबर सीडी मिळायची, तिच्यात गेमचे डेमो असायचे. डेमो म्हणजे गेमचा पहिला तुकडा. एक गाडी, एक रस्ता, तीन फेऱ्या झाल्या की पडद्यावर पाटी, पूर्ण गेम विकत घ्या. मी चिडायचो, की तोंडाला पानं पुसतात. तू खूश व्हायचास. "बघ नित्या, मूठ दिलीन त्यांनी." त्या एका रस्त्यावर आपण इतक्या फेऱ्या मारल्या की तू भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर त्याची सगळी वळणं काढून ठेवली होतीस. भूगोलाच्या बाईंनी ती नदी समजून तुला शाबासकी दिली होती.

पण मूठ आवडल्यावर माल कुठून आणायचा? खरा गेम ना रोह्यात मिळायचा ना पेणला. स्टेशनजवळच्या एका दुकानात मिळायच्या त्या कॉपी, पांढऱ्या सीडीवर मार्करने नाव लिहिलेल्या. तू तिथे जाऊन काउंटरवर सरळ सांगितलंस, "नमुना म्हणून नेतो. आवडला तर पुढं खरा घेईन." दुकानदार हसून हसून बेजार. "अरे बाबा, हाच माल हाय! नमुना कसला?" ही गोष्ट त्याने महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. पुढे तू दिसलास की तो आतून ओरडायचा, "आला रे नमुना!" तू रागवायचा नाहीस, कधीच नाही. मीच तुझ्या वतीने शरमेने लाल व्हायचो.

आणि मग ते ई-मेल.

नमुना म्हणून आणलेला तो गेम संपवून तू म्हणालास, "आता सांगाया हवं." मी विचारलं, कोणाला? "ज्यानं केलाय त्याला." गेमच्या शेवटी नावं येतात, त्यातून तू कंपनीचा पत्ता उतरवून घेतला होतास. आपण सायबर कॅफेत गेलो. तुझं खातं नव्हतं, म्हणून माझ्या खात्यावरून लिहायचं ठरलं. मजकूर तुझा, इंग्रजी माझं आणि साचा रजेच्या अर्जाचा, कारण दोघांना तेवढाच येत होता. माननीय महोदय, मी सदानंद अमुक अमुक, मुक्काम अमुक, तालुका रोहा, जिल्हा रायगड, आपला गेम कॉपी केलेल्या सीडीवर नमुना म्हणून खेळलो. पहिले चार टप्पे उत्तम आहेत. पाचवा शिजलेला नाही, तरी कृपया लक्ष घालावे. 'शिजलेला नाही' याला मला 'नॉट कुक्ड'शिवाय दुसरं काही सुचलं नाही. आपला विश्वासू म्हणून खाली तुझं नाव, शाळेचं नाव आणि इयत्ता.

पाठवून बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण नाव-गावासकट गुन्हा कबूल केला होता, तोही माझ्या खात्यावरून. पुढचे आठ दिवस दाराशी कोणी आलं की मी मागच्या खोलीत जायचो. आईला वाटलं माझं पोट बिघडलंय. तू मात्र निवांत. "चोर कधी नाव-पत्ता देतो काय रं?" असं मला विचारलंस. तुझ्या बाजूचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा होता आणि पुढे प्रत्येक भांडणात तू तो काढलास.

पोलीस आले नाहीत, त्या कंपनीचं उत्तरही आलं नाही. तू लिहीत राहिलास. ना कोणी हो म्हटलं, ना नाही म्हटलं. मग कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसाने उत्तर पाठवलं. एकट्याने गेम केला होता त्याने, दीपगृहाचा आणि होड्यांचा. दोन ओळी होत्या. खूप लोकांनी माझा गेम चोरला, पण तो कुठे फसलाय हे तुझ्याशिवाय कोणी सांगितलं नाही, मी ते दुरुस्त केलंय. तू त्याचा प्रिंट काढलास आणि काकीला वाचून दाखवलास. काकीने विचारलं, "चांगला हाय काय माणूस?" तू म्हणालास, चांगला हाय. तिला तेवढं पुरलं.

डोलवीला नोकरी लागली, बँकेचं कार्ड हातात आलं, तेव्हा तू पहिला गेम विकत घेतलास तो तोच. कित्येक वर्षांपूर्वी तू तो संपवला होतास, पुन्हा खेळायचाही नव्हता. मी म्हटलं, आता कशाला? तू म्हणालास, "जेवून झालं म्हणून उठून जायचं काय?" त्यानंतर तू जुनी यादी काढलीस आणि शाळेत कॉपीवर खेळलेले, आवडलेले गेम एकेक करून घेत गेलास. कितीतरी तर आता चालतही नव्हते. वैशाली वहिनी नवीन लग्न होऊन आल्या होत्या. त्या मला बाजूला घेऊन विचारायच्या, "भावजी, हे चालत नाय ते कशाला घेतात हो?" मला तरी कुठे पुरतं समजलं होतं?

मग मी स्वतः गेम करायला लागलो आणि सगळं उलटं झालं.

पेणला परत येऊन दादाच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची आणि उरलेले महिने कॉम्प्युटरवर गेम करायचे, असं माझं बस्तान बसलं. माझा पहिला गेम, मोबाइलवरचा साधा कोड्यांचा, बाजारात आला आणि चार दिवसांत एका साइटवर फुकट मिळायला लागला. मी चवताळलो. तुला फोन केला तर तू आनंदाने ओरडलास, "अरे, लोकांनी हात लावलाय आपल्या मालाला! रडतोस काय?" त्यावर मी जे बोललो ते आज लिहिणार नाही. मी महिनाभर तुझा फोन उचलला नाही.

मग तू स्वतःच आलास. डोलवीहून रोह्याला जाणाऱ्या माणसाला पेण उलट्या दिशेला पडतं. तरी पहिली शिफ्ट संपवून, वडखळहून घरची वाट सोडून, तू इकडे यायचास. त्या दिवशीही आलास, हेल्मेटची पिशवी खांद्याला, येताना पोह्याचे पापड घेऊन. आल्या आल्या मी तुला सुनावलं. म्हटलं, काकी मूठ आपल्या हाताने द्यायची. तू तर आख्खी गोणी उचलून नेतोस आणि वर म्हणतोस नमुना. तू भांडला नाहीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चहा घेतलास आणि निघून गेलास. मी जिंकलो होतो आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वाट वाकडी करून आलास ते उत्तर घेऊनच. "ज्यानं मूठ ठेवलीच नाय, त्याच्याकडनं काय न्यायचं?" मी म्हटलं, नाही ठेवली तर न्यायचं नाही. "मग आपल्यासारख्यानं आंधळ्यावानी घ्यायचं?" मी म्हटलं, हो, नाहीतर सोडून द्यायचं. "सोडून कसं देणार रं," तू म्हणालास, आणि हसलास. तिथेच थांबलं ते भांडण. पण एक गोष्ट मी नंतर पाहिली. त्या दिवसापासून ज्या गेमचा डेमो असेल त्याची कॉपी तू कधी घेतली नाहीस. हे तू मला सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या दोघांत असं बरंच काही न विचारता चालायचं.

मला आज कबूल करायचंय. मी तुला चोर म्हणत आलो, पण माझ्या गेमची ज्याला खरी किंमत होती असं गिऱ्हाईक तूच होतास. विकत घेणाऱ्यांनी मला तारे दिले. कोणी पाच, कोणी एक. माझा गेम कुठे कडक राहिलाय हे तू सांगितलंस, दर वेळी, समोर बसून. दुसऱ्या गेमचा शेवट तू मला बदलायला लावलास. तिसरा तू म्हणालास म्हणून मी टाकूनच दिला. तेव्हा दुखलं होतं. टाकला ते बरं केलं, हे कळायला वर्ष गेलं. तुझे उपकार आहेत हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, "काय झालं तुला? बरा हायस ना?"

आणि आता 'उघाडी'.

माझं आजोळ खाडीपट्ट्यातलं, तुला माहीत आहे. शेताच्या बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटीला उघडायची म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीला लावायची म्हणजे खारं पाणी आत येत नाही. वेळ चुकली तर शेत खारं होतं. आजोबा हे राखायचे. त्यांच्यावरून मी गेम करायला घेतला आणि पाच वर्षं त्यातच बुडालो. तू तेव्हापासून मागे लागला होतास, "आधी मूठ काढ. मूठ काढल्याशिवाय विकायला बसू नको." मी पहिल्या दोन भरत्यांचा डेमो केला. जगाला दाखवायच्या आधी, एका सोमवारी, तुला पाठवला. फक्त तुला.

मंगळवारी तुझा फोन आला. मी विचारलं, काय रे? तू म्हणालास, "ये ना वरशाला. बसून बोलू."

वाल चांगला असता तर तू फोनवरच ओरडला असतास, अख्ख्या वरशाला ऐकू गेलं असतं. बसून बोलू म्हणजे शिजला नाय. मी म्हटलं, सीझन आहे, शंभर मूर्तींची आखणी पडलीय, जमेल तसं येतो.

दुसरा फोन पाच-सहा दिवसांनी. "येतोस ना?" मी म्हटलं, येतो रे, घाई काय आहे. आणि फोन ठेवून दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. दुसऱ्या भरतीला पाणी लवकर चढतं हे मला माहीत होतं, तू तेच बोलणार याची खात्री होती, आणि माझ्याकडे उत्तरं तयार होती. खोटं कशाला बोलू, उत्तरं नव्हती. पाच वर्षं रे. मला ऐकायचं नव्हतं.

तिसऱ्या फोनला तुझा आवाज खाली होता. "एकटाच ये. तुझ्या बायकोला आणू नको." मी मनात म्हटलं, म्हणजे फारच कडक राहिलाय, बाजूला घेऊन सांगायचंय. मी म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत सदू, मग निवांत येतो, दोन दिवस राहायलाच येतो. "बरं," म्हणालास. "गणपती होऊ देत."

गणपती आठ दिवसांवर असताना सकाळी वहिनींचा फोन आला. पहिल्या शिफ्टच्या बससाठी तू नाक्यावर उभा होतास आणि खाली बसलास. बस आली तेव्हा तू गेला होतास.

मी आलो. एकटा नाही, बायकोला घेऊन आलो. खांदा दिला. तुला सांगतो, रडू आलं नाही. घरी परतलो आणि डोळे आखायला बसलो, कारण मूर्ती थांबत नाहीत. हात स्थिर होता याचं मलाच आश्चर्य वाटलं. रडू आलं ते नंतर, तुझ्या नावापुढे फोन लावायचं हिरवं बटण पाहून.

तेराव्यानंतर परवा पुन्हा वरशाला आलो. वहिनींना फ्रेम करायला तुझा बरा फोटो हवा होता, तो कॉम्प्युटरमध्ये असेल म्हणाल्या. तुझ्या तन्वीने पासवर्ड टाकून दिला आणि ती आत गेली. फोटो शोधायचे सोडून मी आधी काय शोधलं असेल ते तुला कळलंच असेल. 'मूठ' नावाचा तुझा फोल्डर. सगळे डेमो त्यात, प्रत्येकापुढे तू लिहिलेलं, सांगितलं किंवा सांगायचं. मी खाली खाली जात राहिलो. तू गेल्यावरही मी तुझ्या शब्दाला घाबरत होतो.

'उघाडी' शेवटी होती. सोमवारीच उतरवून घेतलेली, झिप फाइल तशीच बांधलेली. तू ती सोडवलीच नव्हतीस, सदू. एकदाही नाही. पुढे काहीही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मला राग आला. पाच वर्षं मी या गेमसाठी घालवली, आणि तू उघडूनही बघितला नाहीस? मग दुसरा विचार आला. गेम उघडलाच नव्हता तर तीन वेळा मला कशाला बोलावत होतास?

वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला. तुझ्या कामाच्या पँटच्या खिशात सापडला म्हणाल्या. पेणच्या डॉक्टरांची चिठ्ठी. म्हणजे तू पेणला येऊन गेला होतास, माझ्या घरावरून, आणि थांबला नव्हतास. हृदयाच्या तपासणीला लवकरात लवकर पनवेलला जावे. खाली, त्याच अक्षरात, सोबत कोणीतरी असणे आवश्यक. तारीख होती त्याच सोमवारची. तू मला पहिला फोन केलास त्याच्या आदल्या दिवसाची.

"मला कायच बोलले नायत," वहिनी म्हणाल्या. "मी घाबरेन म्हणून नसतील बोलले. तुमाला तरी काय बोलले होते का हो, भावजी?"

मी 'नाही' म्हटलं. ते खरंच होतं. तू बोलला नाहीस, कारण तीन वेळा मीच तुला बोलू दिलं नाही.